युद्धवार्ताहरानं नेमकं केलं काय? (आमच्या फौजीकाकांचा प्रश्न)

देवळीकर | शनिवार, रात्री ९.४०

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं जमतात. एकानं काहीतरी सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चहा. चहासाठी येणारे जास्त, हे मान्य. आज माझी पाळी होती. मी क्लेअर हॉलिंगवर्थ या ब्रिटिश युद्धवार्ताहर बाईंबद्दल बोललो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट १९३९. बाई २७ वर्षांच्या, लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये लागून आठवडाही झालेला नाही. पोलंडमधल्या कातोवित्से गावी ब्रिटिश वकिलातीची झेंडा लावलेली मोटार मागून घेतली आणि सरळ सीमा ओलांडून जर्मनीत गेल्या. तिथं दारूच्या बाटल्या, टॉर्च असं किरकोळ सामान घेतलं. परत येताना रस्त्याच्या कडेला मोठमोठे गोणपाटाचे पडदे बांधलेले. वाऱ्यानं एक पडदा उडाला आणि खाली दरीत पाहतात तर रणगाडेच रणगाडे, रांगेनं उभे. २९ ऑगस्टला बातमी पहिल्या पानावर : हजार रणगाडे पोलंडच्या सीमेवर. तीन दिवसांनी दुसरं महायुद्ध सुरू.

मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील. तर आमचे फौजीकाका उभे राहिले. गार्ड्सच्या पलटणीतून निवृत्त, ७१ ला पूर्वेकडे होते. म्हणाले, "बाई मोटारीत बसून गेली, पाहून आली, लिहून मोकळी झाली. रणगाड्यासमोर तर पोलंडचा शिपाई उभा होता ना? मग फोटो हिचाच का लावता भिंतीवर?"

मला उत्तर सुचलं नाही. चहा झाला, घरी आलो, अजून सुचत नाही. तुम्हाला सुचतंय का?

(कृपया संजय आणि धृतराष्ट्र कोणी काढू नका. ते माझं पहिलंच वाक्य होतं भाषणातलं आणि तिथंच दोघं उठून गेले.)

पानठेला | रात्री ९.५२

संजय तरी एसी रूममधून कव्हर करत होता. 😀

देवळीकर | रात्री ९.५३

सांगितलं होतं ना बे!

डेस्कवाली | रात्री १०.३०

देवळीकर, काकांना पहिली गोष्ट ही सांगा की त्या दिवशी बाईंचं नाव छापलंच नव्हतं. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच होतं. शतकातली एवढी मोठी बातमी आणि बायलाईन नाही. तेव्हा 'नाव हिचंच का' हा प्रश्न निदान त्या सकाळपुरता तरी लागू नाही.

दुसरं, 'वाऱ्यानं पडदा उडाला' हे ऐकलं की वाटतं, लॉटरीच लागली. तसं नाही. सीमा बंद होती, फक्त राजनैतिक गाड्या सोडत होते, म्हणून तिनं वकिलातीची गाडी मागितली. आणि ती मिळाली का? तर त्याआधी काही महिने ती त्याच भागात निर्वासितांना व्हिसा मिळवून द्यायचं काम करत होती. हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या हजारो लोकांना तिनं ब्रिटनच्या वाटेला लावलं. तिथला ब्रिटिश कॉन्सल ओळखीचा झाला तो त्यातूनच. म्हणजे पडदा वाऱ्यानं उडाला, पण पडद्यापर्यंत तिला वाऱ्यानं नेलं नव्हतं.

मी नागपुरात एका दैनिकाच्या डेस्कवर २२ वर्षं काढली. 'नशिबानं सापडलेली' बातमी एकदाही आमच्याकडे आली नाही. जो माणूस त्या चौकात रोज उभा असतो त्यालाच ती सापडते.

तारबाबू | रात्री ११.०५

मी तार खात्यात होतो. तालुक्याच्या ठिकाणी, खामगावकडे. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली, मी त्याच्या आधीच सुटलो. देवळीकरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण बातमी 'पोचवणं' ही काय चीज आहे ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की पाहिलं, लिहिलं, संपलं.

प्रेस तारेला सवलतीचा दर होता. वार्ताहराजवळ कार्ड असायचं, पैसे पेपरच्या खात्यावर पडायचे. आमच्याकडचे बरेच जण मराठी बातमी रोमन अक्षरांत लिहून आणायचे. त्यात भानगड अशी की 'मेळा' आणि 'मेला' रोमनमध्ये एकच! एकदा जत्रेची बातमी गेली, मेळ्याला पाच हजार लोक वगैरे. अर्ध्या तासात पेपरच्या कचेरीतून ट्रंक कॉल : "पाच हजार मेले? कशानं मेले? कॉलरा का?" वार्ताहर बिचारा जत्रेत रेवड्या खात बसलेला. त्याला शोधून आणेपर्यंत मी घामाघूम.

तेव्हापासून मी स्वतःच प्रत्येक बातमी मोठ्यानं वाचून दाखवायचो, मगच किल्लीला हात लावायचो. नियमात बसत नव्हतं.

पऱ्हाटी | रात्री ११.२०

काका, पाच हजार मेले 😂😂 उद्या शाळेत सांगतो.

आमच्या गावचा वार्ताहर बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचा. जिल्ह्याच्या स्टँडवर पेपरचा पोऱ्या उभा असायचा. गाडी पंक्चर झाली की बातमी पंक्चर. एकदा कंडक्टरनं त्यावर शेंगदाणे ठेवले होते म्हणे.

मुक्ता_यवतमाळ | रविवार, सकाळी ७.१५

मला फौजीकाकांचा प्रश्न आवडला, पण त्यातला 'बाई मोटारीत बसून गेली' हा सूर नाही आवडला. पुरुष वार्ताहरही मोटारीतच बसून जातात.

आणि तिला काय काय गिळावं लागलं ते पण सांगा की शनिवारी. १९४३ ला उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीनं ट्रिपोली घेतलं तेव्हा ती तिथं पोचली होती. साहेबांना आघाडीवर बायका नको होत्या, हिला कैरोला परत पाठवलं. ती गेली अल्जियर्सला, अमेरिकन सैन्याकडे, आणि काम चालू ठेवलं.

त्याआधीचा बुखारेस्टचा किस्सा तर कळस. रोमानियाचे पोलीस अटक करायला दारात आले. तिनं अंगावरचे सगळे कपडे काढले आणि म्हणाली, आता न्या. पोलिसांचीच पंचाईत. तेवढ्यात दूतावासाची माणसं आली आणि ती सुटली. आमच्या बचत गटात हे सांगितलं तर दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग एक आजी म्हणाल्या, "डोक्स हाय बाईले."

अडगावचा_बापू | सकाळी ८.०२

काऊन बा देवळीकर, लय दूर गेले तुमी पोलंडले. मी अडगाव बुद्रुकच्या अंगचा, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला. २९ नोव्हेंबर १८०३ ले आमच्याच शिवारात इंग्रजाची अन् नागपूरकर भोसल्याची लढाई झाली. इंग्रज त्याले 'अरगाव' लिवते. पुढं वॉटर्लूले नेपोलियनले हरवणारा वेलस्ली, थोच इथं सेनापती व्हता.

आता गंमत पाहा. तोफा सुरू झाल्याबरोबर तोफा ओढणारे बैलं बिथरले अन् वेलस्लीच्याच काही पलटणी पाठ दाखवून पळाल्या. थ्या पलटणी दोन महिन्याआधी असईले मर्दासारख्या लढल्या व्हत्या. थ्यानं सोता घोडा घालून त्याईले परत आणलं. हे आपल्याले कसं ठाऊक? थ्यानंच चिठ्ठीत लिवून ठेवलं म्हणून! अन् भोसल्याच्या बाजूनं कोण पळालं, कोण उभं राह्यलं, कोणाचा पोट्टा गेला? मी गावोगाव इचारलं. एकही माणूस सांगू शकला नाई. "मोठी लढाई झाली व्हती," एवढंच. पंधरा दिवसानं गाविलगडबी गेला, थेबी तसंच. चिखलदऱ्याले लोकं जातात, भुट्टे खातात, फोटो काढतात, वापस येतात.

आमच्या बाजूनं एक कारकून कागद घेऊन धुऱ्यावर बसला असता तं आज मले कायतरी सांगता आलं असतं. फौजीकाकाले इचारा, पोलंडच्या शिपायाबद्दल थ्याईले सांगतलं कोणं?

इतिहासाचे_सर | सकाळी ९.४०

बापूसाहेब, एक नंबर. पण 'आमच्या बाजूनं कोणीच नव्हता' हे पूर्ण खरं नाही. अखबारनवीस होते, वकील होते, सावकारांची पत्रं होती. पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून असं सांगतात : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाही. एका ओळीत अख्खी लढाई. आजच्या कुठल्याही डेस्कला हे जमणार नाही (डेस्कवालीताई, रागवू नका).

आणि १८५७ च्या बंडात तर आमचे गोडसे भटजी होते. पेणजवळच्या वरसईहून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. पगार नाही, ओळखपत्र नाही, लुटले गेले, तरी जे पाहिलं ते वर्षांनी लिहून काढलं. त्याच सुमारास, १८५८ मध्ये, लंडन टाइम्सचा विल्यम हॉवर्ड रसेल इंग्रज फौजेबरोबर लखनौला होता. हा रसेल म्हणजे आजच्या अर्थानं युद्धवार्ताहरांचा मूळपुरुष. आधी क्रिमियात होता. तिथं जखमी शिपाई औषधावाचून कसे मरतात हे त्यानं असं लिहिलं की जानेवारी १८५५ मध्ये ब्रिटनचं सरकार पडलं. इकडे आल्यावर आपल्याच लोकांनी हिंदी माणसांवर जे अत्याचार केले तेही त्यानं लिहिलं.

एकाच बंडात दोन माणसं : एक फौजेच्या तंबूत, एक वेढ्यातल्या शहरात. दोघांचं वाचलं तर काहीतरी हाती लागतं, एकट्या कोणाचं नाही.

पानठेला | सकाळी ९.४४

सर, परीक्षेला येणार का हे?

रातराणी_पुलगाव | सकाळी ११.३०

माझं मत जरा कडू आहे, आधीच सांगते.

आमचं गाव पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या बाजूला. ३१ मे २०१६ च्या रात्री डेपोला आग लागली. एक वाजून गेला होता. पहिल्या धमाक्यात खिडकीची तावदानं आली अंगावर. आगरगावकडची माणसं लेकरं काखेत घेऊन, जे पायात आलं ते घालून पळत होती. कितीतरी जवान आणि आग विझवणारे गेले त्या रात्री. माझ्या सासूबाईंना वाटलं पाकिस्ताननं बॉम्ब टाकला.

सकाळी टीव्हीवाले आले. चांगल्या गाड्या, मोठे कॅमेरे. ज्या घरातला माणूस परत आला नव्हता त्याच घरासमोर उभं राहून बाईला विचारत होते, "कैसा लग रहा है?" मी कानांनी ऐकलं. चॅनेलचं नाव घेत नाही, सगळे सारखेच. दुपारपर्यंत सगळे गेले. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा माणसं गेली. तेव्हाही तसंच. आले, गेले. तिथं माणसं काय रोजानं कामाला जातात, धातूचे तुकडे वेचायला का जातात, हे बसून विचारलं एकानं तरी?

म्हणून फौजीकाकांच्या बाजूनं माझं एक मत. पाहून जाणं सोपं असतं.

डेस्कवाली | दुपारी १२.१०

रातराणीताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. 'कैसा लग रहा है' ऐकून आम्हालाही मान खाली घालावीशी वाटते.

फक्त एक. तुमच्या पोस्टमध्ये तारखा आहेत, गावाचं नाव आहे, रोजाचा प्रश्न आहे, सासूबाई काय म्हणाल्या तेही आहे. मला ही पोस्ट २०१६ मध्ये डेस्कवर आली असती तर मी एक शब्द न कापता लावली असती.

रातराणी_पुलगाव | दुपारी १२.२५

तेव्हा कोण लिहीत होतं ताई. पोरगं मांडीवर, कानात दडे. नागपूरच्या जावयाला फोन लावला, तर तो झोपेत म्हणतो, "ढग गडगडत असतील मामी, पावसाळा आला." मग मोबाइल खिडकीबाहेर धरला. तावदान नव्हतंच म्हणा. तेव्हा उठला.

मुक्ता_यवतमाळ | दुपारी १२.३१

थांबा थांबा. देवळीकर, हे वाचलंत का??

देवळीकर | दुपारी १.१५

वाचलं. दोनदा वाचलं.

बाकीच्यांसाठी : १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे कातोवित्सेत हॉलिंगवर्थबाईंना स्फोटांनी जाग आली. वॉर्साच्या ब्रिटिश दूतावासात ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला, "युद्ध सुरू झालं." तो विश्वासच ठेवेना, वाटाघाटी चालू आहेत म्हणाला. बाईंनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. रणगाड्यांचा आवाज त्यालाच ऐकवला.

काल भाषणात मी हे सांगायलाच विसरलो, आणि इथं आपल्या पुलगावच्या ताईंनी तेच केलेलं.

रातराणी_पुलगाव | दुपारी १.२२

मला काय माहीत बाबा ती बाई कोण. जावई ऐकत नव्हता म्हणून धरला.

भामरागडचा_भाऊ | दुपारी ३.५०

सकाळपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी गडचिरोली जिल्ह्यात तालुका वार्ताहर आहे. एका दैनिकासाठी एकोणीस वर्षं. 'युद्धवार्ताहर' असं मला कोणी म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. युद्धवार्ताहराला हेल्मेट असतं, प्रेस लिहिलेलं जॅकेट असतं, विमा असतो. मला हिरोहोंडा आहे. मानधन कॉलम सेंटीमीटरवर. महिन्याच्या शेवटी छापून आलेली कात्रणं चिकटवून, मोजून पाठवायची. लाहेरीच्या नक्षली हल्ल्यात, ८ ऑक्टोबर २००९ ला, १७ पोलीस गेले. त्या महिन्यात माझी कात्रणं लांब झाली. हे लिहिताना आजही कसंतरी होतं.

आमचे नियम कोणी शिकवले नाहीत. खाकी किंवा हिरवा शर्ट घालायचा नाही. पोलिसांच्या गाडीच्या मागे गाडी लावायची नाही, पुढेही नाही. कच्च्या रस्त्यावर माती नवी उकरलेली दिसली की खाली उतरून बाजूच्या झाडीतून गाडी ढकलत न्यायची. झाडाला पत्रक लावलेलं असलं तर आधी वाचायचं नाही, आधी भोवताली पाहायचं. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागड तुटतं, मग चार-चार दिवस बातमी वहीतच. रेंजसाठी एक टेकडी ठरलेली होती, तिच्यावर एक मोहाचं झाड, त्याखाली उभं राहिलं की एक दांडी यायची. तेच आमचं ऑफिस.

आणि दोन्हीकडून प्रश्न. पोलीस विचारणार, "ही बातमी तुला कोणी दिली?" तिकडचे विचारणार, "पोलिसांचंच का छापलं?" गावातला आदिवासी माणूस काही विचारत नाही, तो नुसता पाहतो. त्याच्याकडे पाहून लिहिणं सगळ्यात अवघड.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडे निघालेली शीघ्र कृती दलाची गाडी जांभूळखेड्याजवळ सुरुंगानं उडवली. १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हर खासगी होता. मी दुसऱ्या तालुक्यातला, तरी पोचलो. डेस्कवरून फोन : "आकडा सांग." मी म्हटलं, "आकडा अजून नाही, पण मी इथं आहे." पलीकडून, "पुष्टी कर." मला काही वेळ बोलताच येईना. तिथं पुष्टी करण्यासारखं... असो. ते मी लिहिलं नाही तेव्हाही.

आमच्या पलीकडे छत्तीसगड. ३० ऑक्टोबर २०१८ ला दंतेवाड्याकडे दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू गोळीबारात गेले. निवडणुकीचं कव्हरेज करायला आले होते. त्यांचा सहकारी रस्त्याच्या कडेला जमिनीवर पालथा पडून होता, गोळ्या चालू असताना त्यानं आईसाठी मोबाइलवर दोन शब्द रेकॉर्ड केले. तो वाचला. बिजापूरचा मुकेश चंद्राकर तर आमच्यासारखाच, तिथलाच पोरगा. २०२१ मध्ये नक्षलींच्या ताब्यातल्या सीआरपीएफ जवानाला सोडवून आणायला जंगलात गेलेल्यांत तो होता. जंगलात त्याला काही झालं नाही. रस्त्याच्या कामाच्या भ्रष्टाचाराची बातमी केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सेप्टिक टाकीत त्याचा मृतदेह सापडला.

फौजीकाकांना माझा नमस्कार सांगा. ते म्हणतात ते बरोबरच आहे, समोर शिपाईच उभा असतो. मी मागेच असतो. पण मागे कोणीतरी असायला लागतं.

आता ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलींचा मोठा नेता भूपती साठ जणांसह शस्त्रं ठेवून आला. लोक म्हणतात, आता तुला बातम्या काय राहिल्या? म्हटलं, पर्लकोटा आहे ना.

पऱ्हाटी | दुपारी ४.०५

भाऊ 🙏

डेस्कवाली | दुपारी ४.४०

भाऊ, "पुष्टी कर" म्हणणारी मीच असू शकते. तोच दिवस नाही, पण असे दिवस होते. तुमच्या डेस्कवर कोण होतं मला माहीत नाही. आमच्याकडे एसीत बसून तेच एक वाक्य यायचं तोंडात. वर बसलेलाही तेच विचारत असतो, आणि चूक आकडा छापला तर 'पाच हजार मेले' होतं, तारबाबूकाकांसारखं.

पण अती झालं की काय होतं त्याचंही उदाहरण हॉलिंगवर्थबाईंचंच आहे. जानेवारी १९६३ मध्ये बैरूतहून किम फिल्बी हा पत्रकार गायब झाला. मूळचा ब्रिटिश हेर, खरं तर रशियाचा. तेव्हा बाई गार्डियनमध्ये होत्या. त्यांनी बंदरावर जाऊन जहाजांच्या नोंदी तपासल्या, त्याच रात्री एक रशियन मालवाहू जहाज घाईनं सुटलेलं दिसलं. निष्कर्ष लिहून पाठवला : हा रशियाला पळाला. बदनामीच्या खटल्याच्या भीतीनं संपादकांनी तीन महिने बातमी दाबून ठेवली. तीन महिने! आणि बाई बरोबर होत्या.

लोणारचा_खारा | सायंकाळी ५.२०

मी मध्येच एक अडाणी प्रश्न विचारतो. बाईनं टॉर्च कशाला घेतले?

पानठेला | सायंकाळी ५.२२

दारूची बाटली कशाला घेतली हे कोणी विचारत नाही, बरोबर ना 😀

मुक्ता_यवतमाळ | सायंकाळी ५.४०

युद्ध होणार हे दिसत होतं, पोलंडमध्ये सामान मिळेनासं झालं होतं, म्हणून घेतलं. शिवाय बाजार करून आलेल्या बाईला नाक्यावर कोण हटकणार? पिशवीत मेथीची जुडी असली की आपल्यालाही कोणी विचारत नाही कुठून आली.

विदर्भ_विजय | सायंकाळी ६.३०

धागा भरकटलाय. मूळ प्रश्न शौर्याचा होता. माझ्या मते युद्धवार्ताहर दोन जातीचे. एक, सैन्याबरोबर जाणारे, सैन्याचंच खाऊन सैन्याचंच लिहिणारे. दुसरे, मेरी कॉल्विनसारखे. २००१ मध्ये श्रीलंकेत एक डोळा गेला, पट्टी बांधून पुन्हा कामावर. २२ फेब्रुवारी २०१२ ला सीरियात होम्सच्या वेढ्यात मारली गेली. तिला शहीद म्हणायचं तर म्हणा. पण जी १०५ वर्षं जगली तिचं कसलं शौर्य?

इतिहासाचे_सर | सायंकाळी ६.५०

म्हणजे मेल्याशिवाय मार्क नाहीत तुमच्याकडे?

१९४६ मध्ये जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं, ९१ माणसं मेली, ही बाई तिथून हाकेच्या अंतरावर होती. पुढे अल्जीरिया, व्हिएतनाम. १९७३ मध्ये, साठी उलटल्यावर, टेलिग्राफसाठी पेकिंगला गेली. माओचा चीन. तुम्ही-आम्ही साठीला पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावतो.

विदर्भ_विजय | सायंकाळी ६.५८

दाखल्याची रांग हेही शौर्यच आहे सर. पण मुद्दा मान्य. अर्धा.

तारबाबू | रात्री ८.१५

तिच्या म्हातारपणाचं वाचलं तेव्हा मला आमच्या आबांची आठवण झाली. हाँगकाँगला राहायची, परदेशी पत्रकारांच्या क्लबात रोज जायची, नजर गेली होती तरी. पलंगाशेजारी पासपोर्ट आणि जोडे तयार. कधी फोन येईल आणि निघावं लागेल, सांगता येत नाही म्हणून. नव्वदी पार! मऊ गादीची सवय लागू नये म्हणून अधूनमधून जमिनीवर झोपायची.

आमचे आबा रेल्वेत गँगमन होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी उशाशी कंदील आणि शिट्टी. रात्री मालगाडी गेली की झोपेतच म्हणायचे, "गेली." गेली नाही की उठून बसायचे.

रातराणी_पुलगाव | रात्री ८.४०

भामरागडच्या भाऊंचं वाचून माझं सकाळचं मत थोडं बदललंय. टीव्हीवाल्यांबद्दल नाही बदललं. पण दुपारी जे निघून जातात ते वेगळे आणि जे तिथंच राहतात ते वेगळे, हे मी एकाच टोपलीत टाकलं होतं.

देवळीकर | सोमवार, रात्री ९.१०

आज दुपारी फौजीकाकांकडे गेलो होतो. हा पूर्ण धागा मोबाइलवरून वाचून दाखवला, एक तास लागला. बापूंच्या अडगावला मान डोलावली. रातराणीताईंच्या फोनला हसले, मग गप्प झाले. भाऊंची पोस्ट मला परत वाचायला लावली, नवी माती उकरलेली दिसली की बाजूनं जायचं, तिथं म्हणाले, "हा माणूस शिकलेला आहे." काकांच्या तोंडी हा फार मोठा शब्द आहे.

मला वाटलं, आता उत्तर पटलं. विचारलं, "मग काका, लावायचा का फोटो?"

तर म्हणे, "ते राहू दे. मला एक सांग, पडदा वाऱ्यानं उडालाच कसा?"

म्हटलं, वारा होता.

"वारा तर असतोच. हजार रणगाडे झाकायला लावलेला पडदा. खालून दोरी आवळली नव्हती. बांधणारा कोण होता? त्याचा हवालदार कोण? शिक्षा झाली का त्याला? हे लिहिलंय का बाईनं?"

मी म्हटलं, नाही लिहिलं बहुतेक. काका म्हणाले, "मग बातमी अर्धीच आहे."

पुढच्या शनिवारी स्वतः बोलायला तयार झालेत. विषय : ७१ च्या डिसेंबरात आगरतळ्याच्या बाजूनं आत जाताना पायातले बूट कसे सडले. अट एकच, कोणी व्हिडिओ काढायचा नाही. वहीत लिहिलं तर चालेल. हरभरा सोंगायला आलाय, त्यामुळं माणसं किती येतील देव जाणे, पण तारबाबूकाका आणि भाऊ, जमलं तर या.

भामरागडचा_भाऊ | रात्री ९.३५

पाचशे रुपयांचं पेट्रोल लागेल. येतो.

अडगावचा_बापू | रात्री ९.५०

काका बरोबर बोलून रायले. मी जिनिंगवर बावीस वर्सं बारदाना बांधला. गोणपाट वरून कितीबी ताणा, खाली दोन खुट्याईच्या मंधात गाठ नाई मारली तं पोटातून फुगतेच. वावधन आलं का थे फडफड करते, मंग फाटते तरी नाई तं उडते तरी. थ्या जर्मन पोट्ट्यानं नुसती वरची दोरी बांधली असन.

पानठेला | रात्री ९.५४

बापू, तुम्ही तिकडे असते तर युद्धाची बातमी लागलीच नसती 😀

अडगावचा_बापू | रात्री १०.०१

मी असतो तं सोडून ठेवला असता.